घर विकायचंय, मग आधी काय काय दुरुस्त करू?

एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं आहे: डोंबिवली पूर्वेला 1993 ची बिल्डिंग, चार मजले, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके. मिस्टर पुढच्या वर्षी रिटायर होतील, मुलगा-सून पुण्याला, सासूबाईंना आता जिना झेपत नाही, म्हणून हा विकून पुण्यात लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये जागा घ्यायचं ठरलंय. घरात मोठं असं काही बिघडलेलं नाही पण बारीकसारीक खूप आहे. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत ओली राहते आणि रंगाचे पोपडे पडतात, किचनच्या छताला कोपऱ्यात तपकिरी डाग आलाय, बाथरूमचं दार खालून कुजलंय, सिंकचा नळ गळतो, हॉलच्या दोन लाद्या पोकळ वाजतात, खिडकी सरकत नाही, स्विचबोर्ड पिवळे पडलेत. एजंट म्हणतो साडेतीन लाख घाला, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सिलिंग करा, दहा लाख जास्त मिळवून देतो. मिस्टर म्हणतात एक रुपया घालायचा नाही, आहे तसं विकू. धाकटे दीर म्हणतात ओलीवर पीव्हीसी पॅनेल मारून टाका, कोण बघतंय. मला रात्री झोप लागत नाही. लपवलं तर मनाला लागतं, सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल. काय दुरुस्त करू आणि किती खर्च करू?

ताई, तुमच्या घरात तीन जणांची तीन मतं आहेत पण तिन्हीच्या मागे समजूत एकच आहे, की घर घेणारा माणूस जे डोळ्याला दिसतं त्याचेच पैसे देतो. एजंटला वाटतं चकाचक केलं की जास्त देईल, दिरांना वाटतं डाग दिसला नाही की विषय संपला, आणि मिस्टरांना वाटतं तो तसाही भाव पाडणारच आहे मग आपण कशाला खिशातले घालायचे. नळ आणि लाद्यांवर मी येणारच आहे पण आधी या समजुतीबद्दल बोलूया, कारण ती नीट झाली की खर्चाची यादी आपोआप लहान होते.

तुमच्या भागात जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके बघायला कोण येतं ते आठवा. बहुतेक पहिलंच घर घेणारं जोडपं असतं, लोकलने ठाण्या-मुंबईला जाणारं, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं हप्ता भरायचा हे डोक्यात घेऊनच जिना चढतं. ते विचारतात स्टेशनला रिक्षा किती घेते, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, बाइक लावायला जागा आहे का, मेंटेनन्स किती, रिडेव्हलपमेंटचं काही चाललंय का. तुमच्या किचनची शटरं कुठल्या रंगाची आहेत याला ते भाव लावत नाहीत, कारण ते किचन ते स्वतःच्या आवडीने आणि स्वतःच्या बजेटने करणार असतात, आणि तुम्ही साडेतीन लाखांचं केलेलं त्यांना आवडलं नाही तर ते उलट मनात म्हणतात की हे काढायचाही खर्च आलाच. पैसे ते कमी करतात ते भीतीपोटी. ओल दिसली आणि ती कुठून येते हे घरमालकालाच सांगता आलं नाही, की माणूस मनातल्या मनात सगळ्यात मोठा आकडा धरतो आणि तुमच्या किमतीतून वजा करतो. म्हणजे दुरुस्ती करायची ती भीती घालवण्यासाठी, सजावट म्हणून नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी खाली जे लिहितेय तो त्याचा तपशील.

एजंटचं गणित बघा. ब्रोकरेज साधारण एक-दोन टक्के असतं, म्हणजे समजा खरंच दहा लाख जास्त आले तरी त्याच्या वाट्याला त्यातले दहा-वीस हजार येतात आणि साडेतीन लाख मात्र आधी तुमचे जातात. त्याला फोटो चांगले हवेत, सौदा लवकर व्हायला हवा, त्याच्या जागी ते बरोबरच आहे, तो वाईट माणूस आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण "मिळवून देतो" हे तोंडी आहे. त्याला सांगा की याच गल्लीत गेल्या वर्षभरात विकलेले दोन फ्लॅट दाखवा, एक फर्निचर करून विकलेला आणि एक साधा, आणि किती फरक पडला ते कागदावर दाखवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येतो, त्यात प्रत्यक्ष किती रकमेला व्यवहार झाला ते लिहिलेलं असतं, मुलाला रविवारी बसून तुमच्या आसपासच्या बिल्डिंगचे चार-पाच काढायला सांगा. हे सगळ्यांनीच करावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे भावाची चर्चा शेजारच्या काकांनी सांगितलेल्या आकड्यावर चालते आणि तो आकडा बहुतेक वेळा ऐकीव असतो.

आणि 1993 ची बिल्डिंग म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी आणि 30 च्या पुढे दर 3 वर्षांनी करून घ्यायचं असतं. तुमच्या सोसायटीने केलंय का, केलं असेल तर रिपोर्टची झेरॉक्स मिळेल का, हे सेक्रेटरींना आत्ताच विचारून ठेवा. घेणाऱ्याची बँक त्यांचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, पाठवणार, तो बिल्डिंगचं वय आणि एकूण अवस्था बघणार, तुमचं फॉल्स सिलिंग बघून लोन वाढत नाही. शिवाय सोसायटीत रिडेव्हलपमेंटची कुजबुज असेल तर नवीन किचनवर पैसे घालणं म्हणजे सरळ सरळ नुकसान. तेव्हा साडेतीन लाखांचा विषय माझ्याकडून तरी बंद.

आता दिरांचं पॅनेल. हे मी जरा कडक लिहितेय, राग मानू नका. ओलसर भिंतीवर पॅनेल किंवा नुसती पुट्टी मारणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पावडर लावून लग्नाला बसवणं. विसार घेतल्यापासून खरेदीखत होईपर्यंत लोनच्या भानगडीत दीड-दोन महिने सहज जातात, तेवढ्यात ती माणसं आईवडलांना घेऊन परत येतात, पॅनेलच्या मागे बुरशीचा वास धरलेला असतो आणि वास लपवता येत नाही. त्या दिवशी फक्त भिंतीवरचा विश्वास जात नाही, तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवरचा जातो, आणि मग सौदा मोडतो किंवा ते म्हणतील त्या भावाला द्यावा लागतो. दुसरं म्हणजे कायदा. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55 मध्ये स्पष्ट आहे की विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊन बघितलं तरी सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि तो न सांगणं ही फसवणूक धरली जाते. पॅनेल मारणं म्हणजे दिसणारा दोष मुद्दाम न दिसणारा करणं, यातून पुढे काय होऊ शकतं ते दिरांना शांतपणे सांगा. तुमच्या मनाला लागतंय ते उगाच लागत नाहीये.

मिस्टरांचं मात्र मला अर्धं पटतं. आहे तसं विकणं हा पूर्ण प्रामाणिक मार्ग आहे, फक्त त्यात "आहे तसं" म्हणजे काय आहे ते सांगायला हवं आणि साठेखतात वकिलाकडून लिहून घ्यायला हवं. पुण्याच्या जागेचे हप्ते सुरू झाले असतील, पैसे अडकले असतील, तर हाच मार्ग घ्या, ओल आहे हे पहिल्या भेटीत सांगा, दुरुस्तीचं एक लेखी कोटेशन हातात ठेवा आणि तेवढी रक्कम किमतीत धरा. कोटेशन हातात असलं की घेणाऱ्याच्या मनातला मोठा आकडा खाली येतो. पण तुमच्या पत्रावरून तशी घाई दिसत नाही, मिस्टरांची नोकरी अजून वर्षभर आहे. म्हणून मी म्हणेन की ओल आणि चार किरकोळ कामं करून घ्या आणि मग दाखवायला काढा.

ओलीबद्दल सविस्तर लिहिते कारण डोंबिवली काय, ठाणे काय, पुणे काय, जुन्या फ्लॅटचं हेच खरं दुखणं आहे आणि बहुतेक वेळा लोक उगम न शोधता रंगारी बोलावतात. आधी पेन्सिल घ्या आणि बेडरूमच्या भिंतीवर ओलीच्या कडेने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. आता आठवडाभर फक्त बघा. पाऊस जोरात झाला की ओल वाढते आणि दोन दिवस उघडीप मिळाली की कमी होते, असं असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा बाहेरच्या पाइपातून येतंय. पावसाशी संबंध नाही पण तुम्ही दोन दिवस गावाला जाऊन आलात की रेघेच्या आत सुकलेलं दिसतं, तर बाथरूमची फरशी, लाद्यांचे जॉइंट किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायच्या भोकाखालची वाटी. आणि कोणी आंघोळ करो न करो, भिंत कायम सारखीच ओली, तर भिंतीतली पाण्याची लाइन. तुमच्या काळच्या बिल्डिंगमध्ये आतून बहुतेक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात, ते इतक्या वर्षांत आतून गंजतात आणि जॉइंटला बारीक गळायला लागतात. याची खात्री करायला बाथरूमच्या लाइनचा कॉक दोन दिवस बंद ठेवा, बादलीने पाणी भरून वापरा, बघा रेघ आत सरकते का. फरशीची परीक्षा वेगळी: नहाणीच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बसवा, फरशीवर दोन बोटं पाणी साठवा आणि रात्रभर ठेवा, सकाळी रेघ बघा, आणि खालच्या मजल्यावाल्यांना त्यांच्या छताकडे लक्ष ठेवायला आधीच सांगून ठेवा. सासूबाई आहेत म्हणून लिहिते, त्या रात्री बाथरूमला बाहेरून कडी घाला, पाय घसरायला नको.

म्हणून अजून पाऊस चालू आहे हे तुमच्या फायद्याचं आहे ताई, शोधायचं काम आत्ता होतं. दुरुस्ती उगमाप्रमाणे. जॉइंट उघडले असतील तर जुनं भरणं खरवडून इपॉक्सी ग्राउट, ट्रॅपभोवती गळत असेल तर ट्रॅप बदलून त्याच्या भोवतीचं वॉटरप्रूफिंग, पाइप असेल तर तेवढा पट्टा फोडून सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारा प्लॅस्टिकचा पाइप, आणि सगळंच गेलं असेल तर मात्र फरशी फोडून पूर्ण वॉटरप्रूफिंग, जे महाग आहे आणि ज्याच्या आधी दोन वेगवेगळ्या लोकांना दाखवून घ्याच. वॉटरप्रूफिंगवाल्याकडून काय काम केलं आणि किती वर्षांची गॅरंटी हे लेखी घ्या, तो कागद घेणाऱ्याला दाखवायचाय. मग बेडरूमच्या बाजूचं फुगलेलं प्लास्टर पार विटेपर्यंत काढा, भिंत उघडी ठेवून सुकू द्या, नवीन प्लास्टर, तेही महिनाभर सुकू द्या, आणि मग पुट्टी, प्रायमर, रंग. रंगारी म्हणेल आठवड्यात करून देतो, ऐकू नका, नाहीतर परत पोपडे पडतील आणि नेमके गिऱ्हाईक आल्यावर पडतील. म्हणजे हिशोबाने रंग दिवाळीनंतरच.

किचनच्या छताचा डाग हा तुमचा नाहीच, तो बहुतेक वरच्यांच्या सिंकच्या किंवा मोरीच्या खालून येतोय. उपविधींमध्ये सर्वसाधारणपणे असं आहे की संडास, सिंक वगैरे घरातल्या गळतीची दुरुस्ती ज्याच्या घरातून गळतंय त्याने स्वतःच्या खर्चाने करायची, आणि पावसाच्या पाण्याची किंवा बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीने. तेव्हा बेडरूमच्या भिंतीचा उगम बाहेरचा पाइप निघाला तर तोही खर्च तुमचा नाही. पण तोंडी बोलून काही होत नाही, सेक्रेटरींच्या नावाने पत्र द्या, फोटो जोडा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. वरच्यांशी भांडण नको, त्यांना चहाला बोलवा आणि डाग दाखवा, आपल्या घरचं पाणी खाली काय करतंय हे बऱ्याच लोकांनी खरंच कधी बघितलेलं नसतं. आणि त्यांनी नाहीच केलं तरी तुमच्याकडे पोच असलेलं पत्र आहे, ते घेणाऱ्याला दाखवता येतं. डागावर आत्ता रंग मारू नका.

एक मात्र बघून ठेवा. डागाजवळ किंवा बीमच्या खाली प्लास्टर फुगलंय, लांब सरळ तडा आहे, तांबूस पाणी उतरलंय, असं काही दिसलं तर ते गंजलेल्या सळईचं लक्षण असू शकतं आणि ते रंगाऱ्याचं काम नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायला सोसायटीला लगेच सांगा, घर विकायचं असो नसो. केसासारखे बारीक तडे, भिंतीच्या प्लास्टरवर इकडे तिकडे, ते वेगळे, ते प्रत्येक घरात असतात आणि पुट्टीने भरतात.

बाकीची यादी दोन दिवसांची आहे. नळाला प्लंबर बोलावून वॉशर किंवा स्पिंडल बदला, नाही ऐकलं तर नळच नवा. बाथरूमचं दार दुरुस्त करत बसू नका, खालून कुजलेलं पुन्हा कुजतं, सरळ पीव्हीसीचं नाहीतर एफआरपीचं (फायबरचं) बसवा. खिडकी बहुतेक नुसती मळली असेल, ॲल्युमिनियमच्या ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने काढा, पाणी जायची बारीक भोकं मोकळी करा, तरी नाही सरकली तर खालचे रोलर बदलून मिळतात. लाद्या पोकळ वाजतायत पण फुटलेल्या नाहीत ना, मग राहू द्या, जुन्या रंगाची लादी मिळणार नाही आणि दोन वेगळ्या लाद्या हॉलच्या मधोमध जास्त डोळ्यात भरतील. कोणी विचारलं तर सांगा पोकळ आहेत. स्विचबोर्ड पिवळे असणं हा दोष नाही, पण एखादा स्विच गरम होतो, ठिणगी पडते, प्लगच्या भोकाशी काळं झालंय, असं असेल तर ते आजच बदला, आणि इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर अर्थिंग आणि मेन बोर्डवरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की वीज आपोआप तोडणारा स्विच, तपासून घ्या. सगळ्या बिलांची एक फाइल करा, यातलं टॅक्ससाठी काय धरता येतं आणि काय नाही ते सीएला विचारा, साधी डागडुजी बहुतेक धरत नाहीत.

रंग सगळ्या घराला काढायचाच असेल तर एकच फिका रंग, साधा. आणि रंगापेक्षा माळा रिकामा करा. पुण्याला न्यायचं नाही ते आत्ताच काढलंत तर घर मोठं दिसतं, कपाटं भिंतीपासून चार बोटं सरकवता येतात, वास जातो, आणि शिफ्टिंगच्या वेळी कंबर मोडत नाही.

ज्यांचं घर बंद पडून आहे, मुलं परदेशात आणि किल्ली शेजाऱ्यांकडे, अशा वाचकांनीही पत्रं पाठवलीयत. त्यांना एवढंच, महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन प्रत्येक नहाणीत आणि सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतायला हवं, ट्रॅपमधलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं घरात येतात आणि बघायला आलेला माणूस दारातूनच मागे फिरतो. वाळवी बघा, विशेषतः दाराच्या चौकटी आणि भिंतीतली लाकडी कपाटं. बंद घरात खर्च जवळपास शून्य आणि फरक मोठा.

ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य होतं जे मी वर सारांशात घेतलं नाही. तुम्ही लिहिलंत की बाथरूमचं दार चार वर्षं असंच आहे, सासूबाईंना ते ओढून लावता येत नाही, आम्ही म्हणत होतो नंतर करू, आता परक्यांसाठी करायची वेळ आली याची लाज वाटते. लाज कशाला, घरात पैसे कधी मुलाच्या फीला गेले असतील कधी आजारपणाला, मध्यमवर्गी घरात दुरुस्ती ही कायम रांगेत शेवटी असते. पण विकेपर्यंत अजून सहा-आठ महिने तुम्हीच तिथे राहणार आहात. म्हणून क्रम मी असा धरेन, आधी दार, मग स्विच, मग नळ, म्हणजे सासूबाईंचं आणि तुमचं रोजचं जे अडतं ते पहिलं. ही तीन कामं गणपतीच्या आत होतील आणि त्यातलं काहीही वाया जात नाही, भले विकायचा बेत पुढे ढकलला तरी.

गिऱ्हाईक आलं की काय बोलायचं याची धास्ती दिसतेय तुमच्या पत्रात. सरळ असं सांगा: "या भिंतीला ओल होती, बाथरूमच्या अमुक ठिकाणाहून येत होती, अमुक महिन्यात काम करून घेतलं, हे बिल आणि ही गॅरंटी. किचनच्या छताचा डाग वरच्यांकडून आहे, सोसायटीला पत्र दिलंय, ही पोच." चार वाक्यं आहेत, मिस्टरांनी बोलायचं की तुम्ही ते आधी ठरवून घ्या म्हणजे दोघांकडून दोन गोष्टी जात नाहीत. यानेही एखादं गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या, ते पुढे लोनच्या टप्प्यावर गेलं असतं तर तुमचे दोन महिने अडकले असते. आणि एजंटलाही हीच चार वाक्यं लिहून द्या, कारण तुम्ही खरं सांगताय आणि तो जिन्यात त्यांना "काही प्रॉब्लेम नाही, एकदम ओके फ्लॅट" म्हणतोय असं झालं तर निस्तरायचं तुम्हालाच आहे.